हळदीच्या दिवशीचं ताक

बजरंग येणार नाही असंच सगळे धरून चालले होते. पण तो पुतणीच्या, हिरीच्या लग्नाच्या चार दिवस आधीच कुसगावात दाखल झाला. भाड्याच्या टेम्पोत पुढं बायको नंदाबाई आणि लहानगी लेक, आणि मागच्या हौद्यात सामानाला धरून तो स्वतः उभा. सामान म्हणजे कंबरेएवढी दोन निळी प्लास्टिकची पिंपं, तांबड्या-पिवळ्या बादल्या आणि चार डझन पेले. एवढा रंग एका जागी कुणी बघितला नव्हता. मांडवात सगळी आळी गोळा झाली.

कस्तुराबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा हा दीर सहा वर्षांचा होता. आई गेलेली. अंघोळ घालताना डोळ्यांत साबण गेला की तो हिच्याच कंबरेला मिठी मारायचा. आता तो तिशीचा बाप्या झाला होता, पण टेम्पोतून उतरताना त्यानं आधी बघितलं ते तिच्याकडंच. तिनं तुकडा ओवाळून टाकला आणि त्याला पुढं घातलं. लेकीच्या लग्नाकडून तिनं स्वतःसाठी एकच मागितलं होतं, की नवरा आणि दीर एका मांडवाखाली दिसावेत.

आठ वर्षांपूर्वी ऐन लावणीत रोपांच्या पेंढ्या बांधावर टाकून बजरंग लोणावळ्याच्या प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला लागला होता. तेव्हा थोरला भाऊ निवृत्ती गुडघाभर चिखलात उभा राहून म्हणाला होता, की आता या बांधावर पाय ठेवू नकोस. बजरंगानं ते शब्दशः पाळलं. तो वळवणला खोली घेऊन राहिला. दिवाळीला म्हाताऱ्याला भेटायला यायचा, पण भावांचं बोलणं व्हायचं ते आबांच्या तोंडून. दोघं एकाच खोलीत बसायचे, एक म्हणायचा, आबा, दादाला सांगा; दुसरा म्हणायचा, आबा, त्याला म्हणावं. रखमाजीआबा मध्ये बसून दोन्हीकडं माना हलवायचे.

त्या दिवशीही तसंच झालं. निवृत्तीनं पिंपाभोवती एक फेरी मारली, बोटानं टकटक केलं आणि बापाला विचारलं, की यात ताक राहील का. बजरंगानं बापालाच उत्तर दिलं, की याला कल्हई लागत नाही, काही कळकत नाही, काही गळत नाही.

हे उत्तर नेमकं दुखऱ्या जागी लागलं. चैत्रात शेजारच्या मुक्ताबाईच्या मुलाचं लग्न झालं होतं. देवळातली गावकीची मोठी पितळी पातेली आणली होती, त्यांची कल्हई उडालेली, आणि मठ्ठा त्यात रात्रभर राहून कळकला. पंगत उठते न उठते तोच तीस-चाळीस माणसं ओकायला लागली. मुक्ताबाई अजून चारचौघींत मान वर करून बोलत नव्हती. कस्तुराबाईनं त्या दिवसापासून धसकाच घेतला होता. सोमाटण्याचं तालेवार वऱ्हाड, गाव धरून पाचशे पान, आणि वैशाखाचं ऊन. त्यामुळं पिंपांचं ऐकून तिचं अर्धं ओझं उतरलं. आणि निवृत्तीनं एक पिंप स्वतः उचलून सावलीला नेऊन ठेवलं तेव्हा उरलेलं अर्धंही गेलं. आठ वर्षांत भावाच्या वस्तूला त्याचा पहिल्यांदाच हात लागत होता.

हळदीच्या दिवशी सकाळी तीन दिवसांचं साठवलेलं विरजण घुसळून ताक दोन्ही पिंपांत ओतलं. दुपारी भाऊबंदांची दीडशे पानं होती, उरलेलं लग्नाच्या मठ्ठ्याला. ऊन चढलं. पंगत बसायला घटका-दीड घटका राहिली तेव्हा कस्तुराबाई मीठ-जिरं घालायला पिंपाशी गेली, झाकण काढलं आणि वाकली.

वास आला. कळकल्याचा नव्हता; तो वास तिनं झोपेतही ओळखला असता. हा गोडसर होता, बाजारातल्या नव्या चपलांच्या दुकानात येतो तसा. तिनं पळीभर ताक तोंडात घेतलं. आधी काही कळलं नाही, मग जिभेच्या मुळाशी कडूसर तेलकटपणा चिकटून बसला. तिनं चूळ भरली. दुसरं पिंप उघडलं. तिथंही तेच.

तिनं झाकणं लावली आणि पदरानं तोंड पुसत उभी राहिली. मांडवाच्या त्या टोकाला बजरंग चुलत्यांना पेले दाखवत होता. जमिनीवर आपटून दाखवत होता, की बघा, फुटत नाही. निवृत्ती लांबून ते बघत होता आणि त्याच्या मिशीखाली हसू होतं. आत्ता तोंड उघडलं, तर हा पोर बायको-पोरीला घेऊन चालता होईल आणि पुन्हा येणार नाही, हे तिला दिसत होतं. तोंड मिटलं, तर दीडशे माणसं आज आणि पाचशे उद्या हे पोटात घालणार.

ती सरळ परड्यात गेली. नंदाबाई जात्याच्या कडेला बसून हळद चाळत होती. दोघी जावांचं आठ वर्षांत बोलणं असं झालंच नव्हतं.

"नंदे, ही पिंपं आदी कशाची हुती?"

नंदाबाईची चाळणी थांबली. तिनं वर बघितलं नाही.

"आक्का, मी सांगितलं आसं त्यास्नी कळलं तर..."

"कळनारच. मीच सांगनार हाय. तू बोल."

मग नंदाबाई बोलली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. कारखान्यात बागेला पाणी घालायच्या नळ्या आणि सँडली बनतात. पांढरी पूड असते, तिच्यात एक तेलासारखं औषध मिसळतात, त्यानं कडक प्लास्टिक मऊ पडतं. पिंपं त्या औषधाची. रिकामी झाली की कामगार घरी नेतात. यांनी सोड्यानं तीनदा धुतली, राख लावली, चिंच लावली. गार असताना वास जायचा, ऊन लागलं की पुन्हा वर यायचा. वळवणला असंच एक पाण्याला ठेवलं होतं, तर पोरगी त्यातलं पाणी तोंडाला लावायची नाही. आधी नंदाबाई कारखान्यातले तुकडे चुलीत घालायची, झटकन पेटतात म्हणून. काळा धूर व्हायचा. पोरीला खोकला जडला. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं ते बंद करायला लावलं, आणि पंधरा दिवसांत खोकला गेला.

कस्तुराबाई निघणार, तेवढ्यात नंदाबाईनं तिचं मनगट धरलं. अजून सांगायचं उरलं होतं. चार महिन्यांपासून बजरंगाला ती पूड नि औषध मिसळायच्या शेडमध्ये घातलं होतं. त्याच्याआधी तिथं धोंडिबा नावाचा माणूस सात वर्षं होता. त्याचे डोळे पिवळे झाले, पोटाला सूज आली. पुण्याच्या डॉक्टरनं विचारलं, की कामावर तुझ्या नाकातोंडात काय जातं, तर ते नीट कुणालाच सांगता आलं नाही. आजार त्या औषधानंच झाला असंही कुणी छातीठोक म्हणेना, आणि नाही असंही म्हणेना.

"ह्यास्नी घरी आल्यावर जेवन जात न्हाई," नंदाबाई म्हणाली. "बोटांना मुंग्या येत्यात. मला म्हनले, कुनाला बोलू नगंस. दादाला कळलं तर म्हनंल, मी सांगितलंच हुतं."

 मघापासून कस्तुराबाईच्या डोक्यात ताक घोळत होतं, ते आता पार बाजूला पडलं. साबणानं डोळे चुरचुरले म्हणून रडणारं पोर तिच्यासमोर उभं राहिलं. तिनं नंदाबाईच्या हातातली चाळणी काढून ठेवली आणि तिला उठवलं.

मांडवात पत्रावळी पडायला लागल्या होत्या. कस्तुराबाई दोन्ही पिंपांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि आबांना, नवऱ्याला, दिराला तिथं बोलावून घेतलं. तिनं आडपडदा ठेवला नाही. ताकाला औषधाचा वास येतोय, हे ताक पंगतीला जाणार नाही, एवढंच सांगितलं.

बजरंगाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तीनदा धुतलंय, तो म्हणाला. कारखान्यातली निम्मी माणसं असल्या पिंपातलं पाणी पितात, कुणी मेलेलं नाही. बोलता बोलता त्यानं झाकण काढलं, एक पिवळा पेला ताकात बुडवून भरला आणि तोंडाकडं नेला. कस्तुराबाईनं पेल्यावर तळवा ठेवला.

"भावजी, तुमी पिऊ नका."

"मंग कसं दावू, की काय हुत न्हाई म्हनून?"

"एका पेल्यानं काय हुनार न्हाई, त्ये मलाबी ठावं हाय. मुक्ताबाईचं ताक कळकलं तर लोकं घटकाभरात वकली, म्हनून कळलं तरी. ह्येचं तसं न्हाई. ह्ये कळायला धोंडिबावानी सात वर्सं लागत्यात."

धोंडिबाचं नाव ऐकून त्यानं बायकोकडं बघितलं. नंदाबाईनं या खेपेला नजर खाली घातली नाही. त्यानं पेला खाली ठेवला. तो बाजेच्या कडेला बसला आणि खालच्या आवाजात बोटांच्या मुंग्यांसकट सगळं कबूल केलं. शेडला एकच दार आहे. जुना मुकादम आपला डबा त्या शेडमध्ये कधी नेत नाही, बाहेर झाडाखाली जेवतो. हे त्यानं पहिल्याच दिवशी बघितलं होतं, आणि त्याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं होतं.

आता निवृत्ती 'मी सांगितलंच होतं' म्हणणार, असं सगळ्यांना वाटलं. कस्तुराबाई नवऱ्याच्या तोंडाकडंच बघत होती.  त्यानं बापाकडं बघितलं नाही. भावाकडं बघितलं.

"किती दिस झालं मुंग्या यायला?"

बजरंग सवयीनं बापाकडं वळला. "आबा, दादाला सांगा, दोन म्हैनं झालं."

"तुजं तू सांग," रखमाजीआबा म्हणाले. "आठ वर्सं बोलून माजं त्वांड दुखलं."

आधी एक चुलता फसकन हसला, मग सगळेच. बजरंगालाही हसू आलं. निवृत्ती हसला नाही. तो भावाच्या शेजारी बाजेवर बसला आणि त्याची बोटं हातात घेऊन एकेक दाबून बघायला लागला, जसा तो बैलाचा खूर बघायचा.

ताक ओढ्यापासून लांब खड्डा करून त्यात ओतलं. निम्मं तरी म्हशींना घालू असं कुणीतरी म्हणालं, ते कस्तुराबाईनं चालू दिलं नाही. म्हशीचं दूध परत आपल्याच पोटात येणार. दुपारच्या पंगतीत आमटी दोनदा वाढली आणि ताकाचं कारण विचारणाऱ्याला खरं तेच सांगितलं.

उद्याचं काय, हा प्रश्न होताच. भांडी नाहीत, ताक नाही, पाचशे माणसं. बजरंगानं कुणाची तरी सायकल घेतली आणि उन्हातच लोणावळ्याच्या बाजाराकडं सुटला. दोन तासांनी तो परतला तेव्हा मागं कॅरिअरवर कल्हईवाले चाचा भाता मांडीवर घेऊन बसलेले होते. चाचांनी वाटभर त्याला ऐकवलं होतं, की तुमच्या प्लास्टिकानं माझा धंदा बसवला, आणि आता मलाच बोलवायला आलास. येताना मात्र त्यांनी दुपारचं जेवण अर्धं टाकलं होतं.

देवळातली सहा पातेली मांडवाच्या मागं आली. चाचांनी जमिनीत खड्डा करून कोळसा पेटवला. भाता मारायला बजरंग बसला. पातेलं लालसर तापलं, चाचांनी नवसागर टाकला, आणि पांढऱ्या धुराचा लोट उठला. निवृत्तीनं येऊन भावाचा दंड धरला आणि त्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेऊन बसवलं. आता कुठल्याच धुरात बसायचं नाही, म्हणाला. भाता त्यानं स्वतः घेतला. त्याला तो नीट जमत नव्हता, चाचा सारखे ओरडत होते, पण त्यानं सोडला नाही. कथिलाची कांडी तापल्या तळावर फिरायची, चाचा कापसाचा बोळा गरकन फिरवायचे, आणि काळंपिवळं पातेलं बघता बघता आतून चांदीसारखं व्हायचं. पाण्यात बुडवलं की चर्र आवाज. हळद लावलेली हिरी कुणाचं न ऐकता ते बघायला मागं आली आणि कल्हईच्या तळात आपलं पिवळं तोंड बघून इतकी हसली, की करवल्यांनी तिला ओढत परत नेलं.

तिकडं दोघी जावा ताकाला निघाल्या होत्या. लग्नघरच्या यजमानणीनं दारोदार मागायला जायचं, या विचारानं कस्तुराबाईचा पाय पहिल्याच उंबऱ्याशी अडला. नंदाबाई म्हणाली, मी मागते, मी वळवणची, मला कसली लाज. पहिलं घर मुक्ताबाईचं होतं. नंदाबाईनं काय घडलं ते न लपवता सांगितलं. मुक्ताबाईनं ऐकून घेतलं, आत गेली आणि दह्याची मडकी अख्खी दुरडी भरून बाहेर आणून ठेवली. मग पायांत वहाणा घातल्या आणि पुढच्या घराला ती स्वतःच पुढं झाली. चैत्रापासून खाली घातलेली मान तिनं वर केली होती आणि प्रत्येक दारात ती ठणकावून सांगत होती, की कस्तुरानं वेळेवर बघितलं, मी बघितलं नव्हतं. वरच्या ठाकरवाडीतून सावित्राबाई उद्याच्या पत्रावळी घेऊन आली होती. तिनं ऐकलं आणि संध्याकाळी पुन्हा चढून जाऊन आपल्या वाडीतलं दोन मडकी दही डोक्यावरून आणलं. दिवे लागायच्या आत चव्वेचाळीस घरांचं दही मांडवात जमा झालं होतं.

लग्नाच्या दिवशी मठ्ठा झाला तो या चव्वेचाळीस घरांचा. कुणाचं आंबट, कुणाचं गोड, कुणाचं शेळीच्या दुधाचं, कुणाचं चुलीच्या धुराचा वास लागलेलं. घुसळून, आलं-कोथिंबीर लावून सगळं एक झालं. सोमाटण्याच्या व्याह्यांनी तिसऱ्यांदा द्रोण पुढं केला आणि विचारलं, की ही चव कशानं आली. पळी घेतलेला बजरंग म्हणाला, सांगायला बसलो तर वरात निघायची नाही.

कारखान्यातले सात जण लग्नाला आले होते. ते एका ओळीत बसले. बजरंगानं त्यांना वाढलं आणि पळी खाली ठेवून त्यांच्यासमोरच मांडी घातली. पिंपांचं, ताकाचं, मुंग्यांचं, धोंडिबाचं सगळं त्यानं सांगितलं. जेवताना हे काय काढलंस, असं एक जण म्हणाला.  दुसरा म्हणाला, की माझ्याकडं असलं पिंप प्यायच्या पाण्याला आहे, आणि बायको रोज म्हणते, वास येतो. मग एकेकाच्या तोंडून निघायला लागलं. कुणाला चक्कर यायची, कुणाची भूक गेली होती. आजवर प्रत्येकाला वाटत होतं, की हे आपलं एकट्याचंच आहे. पान उचलायच्या आत ठरलं, की सोमवारी आठही जणांनी मिळून मालकाकडं जायचं.

"मीबी येतो," मागून आवाज आला. निवृत्ती भाताचं घमेलं घेऊन उभा होता.

"तू येऊन काय करनार, दादा?"

"हुबा ऱ्हाईन."

हिरी सासरी गेली. तिच्या मागं कस्तुराबाई रडायची तेवढी रडली, आणि नंदाबाई तिच्याजवळ बसून राहिली. सोमवारी भल्या पहाटे दोघं भाऊ निघाले. निवृत्तीनं लग्नातला फेटा आणि कोट चढवला होता, कारण दुसरे धड कपडे धुवायला पडले होते.

दुपारी ते परत आले तेव्हा पोरं मांडवाचे वासे सोडवत होती. दोघांचं बोलणं वेशीपासूनच ऐकू येत होतं. दारात येऊन दोघंही एकदमच सांगायला लागले. मालक आधी खवळला होता, हे बजरंग सांगत होता. फेटेवाला माणूस बघून तो कुणी सरकारी मनुष्य आहे असं समजून त्यानं खुर्ची दिली, हे निवृत्ती त्याचं बोलणं तोडून सांगत होता. दादा एक शब्द बोलला नाही, नुसता बसून राहिला, आणि त्या गप्प बसण्यालाच मालक भ्याला. शेडला दुसरं दार पाडायचं कबूल झालं. एकाच माणसाला कायम तिथं ठेवायचं नाही, महिन्या-महिन्याच्या पाळ्या लावायच्या, आणि बजरंगाला उद्यापासून माल बांधायच्या खात्यात घालायचं. रिकाम्या पिंपाच्या बुडाला भोक पाडल्याशिवाय ते बाहेर जाणार नाही. धोंडिबाच्या औषधपाण्याचं मात्र मालकानं बघू म्हणून टोलवलं होतं, त्यासाठी पुढच्या सोमवारी परत जायचं होतं. न्हाई, मंगळवारी, निवृत्ती म्हणाला. सोमवारीच म्हनला त्यो, बजरंग म्हणाला. तुला ऐकू आलं न्हाई. तूच झोपला हुतास त्या खुर्चीत.

रखमाजीआबा बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होते. त्यांनी कूस बदलली आणि अंगावरचं उपरणं कानावर ओढून घेतलं. नंदाबाई चुलीपुढं बसून हसत होती. कस्तुराबाईनं दोघांच्या पुढ्यात ताटं ठेवली.

"आता एकेकानं बोला," ती म्हणाली, "न्हाईतर दोघं गप बसा."

त्यांनी दोन्हीही ऐकलं नाही.